कॉलेज फुटबॉल २६: हेड कोच मिळतो, स्टाफ अर्धाच मिळतो

ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेतल्या कॉलेजच्या गावांत एकच वाद रंगतो. हेड कोचला ठेवायचं की काढायचं? आणि काढलाच, तर नवा येताना सोबत कुणाकुणाला आणणार? पहिल्या प्रश्नावर सगळेच तावातावाने बोलतात. खरा जाणकार ओळखायचा तो दुसऱ्या प्रश्नावर. ईए स्पोर्ट्सच्या ‘कॉलेज फुटबॉल २६’मधला ‘डायनेस्टी’ हा प्रकार, म्हणजे एक कॉलेज संघ वर्षानुवर्षं चालवायचा खेळ, हे दोन्ही प्रश्न स्वतः खेळून तपासायची सोय देतो. म्हणून हे परीक्षण फक्त डायनेस्टीपुरतं आहे. गेममधले बाकीचे प्रकार बाजूला ठेवले आहेत.

आधी व्यवहाराचं बोलू. गेम १० जुलै २०२५ ला आला. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स अथवा एस लागतो. पीसीवर नाही, पीएस ४ वरही नाही. आला तेव्हा साधी आवृत्ती ६९.९९ डॉलरची होती, डीलक्स ९९.९९ ची. वरच्या श्रेणीतले म्हणजे एफबीएसचे सगळे १३६ संघ आत आहेत.

हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. एमएस करायला ऑगस्टमध्ये टेक्सस, इंडियाना किंवा पेनसिल्व्हेनियात उतरलेल्या मराठी मुलामुलींना याची ओळख पहिल्याच महिन्यात होते, कारण सामन्याच्या शनिवारी अख्ख्या गावाचं वेळापत्रक स्टेडियमभोवती फिरतं. टेक्सस ए अँड एमच्या काइल फील्डमध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. हेड कोचचा पगार आणि त्याला काढायची किंमत हा तिथे घरगुती चर्चेचा विषय असतो. तो वाद कशावरून चाललाय ते कळायला हा गेम चांगला शिक्षक आहे, फक्त त्याचा अभ्यासक्रम अर्धाच आहे.

त्याआधीच्या वर्षीच्या ‘२५’मध्ये खेळाडू खरे होते, पण हेड कोच बनावट नावांचे होते. ‘२६’मध्ये तीनशेहून जास्त खरे हेड कोच आणि कोऑर्डिनेटर आले. प्रशिक्षकांच्या बदल्यांचा जो फेरा हंगामाअखेर फिरतो त्याला इथे ‘कॅरोसेल’ म्हणतात. ‘२५’मध्ये तो कोऱ्या चेहऱ्यांचा फेरा होता. आता अमुक विद्यापीठाने तमक्याला उचललं हे वाचताना खऱ्या बातमीसारखं वाटतं. नुसत्या नावांनी एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं, पण पडतो.

कोच घडवताना

सुरुवातीला तीन खुर्च्यांपैकी एक निवडायची: हेड कोच, आक्रमण सांभाळणारा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणजे ओसी, किंवा बचाव सांभाळणारा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणजे डीसी. मग प्रकार ठरवायचा. मोटिव्हेटर खेळाडूंची प्रगती आणि सामन्यातला धीर सांभाळतो. रिक्रूटर शाळेतली मुलं ओढून आणतो. टॅक्टिशियन ऐन सामन्यात खेळाडूंच्या गुणांना टेकू देतो. अनुभवाचे गुण साठले की प्रगत प्रकार उघडतात, आणि शेवटी ‘प्रोग्रॅम बिल्डर’ आणि ‘सीईओ’. ‘सीईओ कोच’ हा शब्द चाहत्यांच्या वादातूनच उचललेला आहे: स्वतः प्ले (प्रत्येक चाल) न पुकारता माणसं नेमून त्यांच्याकडून काम करून घेणारा. हेड कोच जिंबो फिशर ए अँड एममध्ये वर्षानुवर्षं स्वतःच प्ले पुकारत होता. २०२३ मध्ये बॉबी पेट्रिनो ओसी म्हणून आला, पण तोवर उशीर झाला होता. त्याच नोव्हेंबरात विद्यापीठाने फिशरला काढलं, साडेसात कोटी डॉलरच्या वर रक्कम देणं कबूल करून.

नवख्याची पहिली चूक इथेच होते. लहान संघ घेतला म्हणून तो टॅक्टिशियन निवडतो, की हरलेले सामने डोक्याने जिंकू. पहिल्या दोन हंगामांत ते चालूनही जातं. तिसऱ्या वर्षी आधीची मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी घ्यायला कुणी नसतं. लहान संघाला हेड कोच रिक्रूटर हवा, आणि दोन कोऑर्डिनेटरांपैकी एक मोटिव्हेटर, एक टॅक्टिशियन. तयार मोठ्या संघात उलट करा: मुलं तिथे नावावर येतात, त्यांना घडवायला मोटिव्हेटर हेड कोच जास्त उपयोगी.

कोऑर्डिनेटर निवडताना नुसती पातळी बघू नका. त्याची ‘पाइपलाइन’, म्हणजे ज्या भागात त्याची ओळखदेख आहे तो भाग, आधी बघा. हेड कोचची पाइपलाइन ह्यूस्टनकडची असेल आणि ओसीचीही तिथलीच, तर त्या एका भागात जोर येईल, पण बाकी नकाशा कोरा राहील. छोट्या संघाने आपल्या दाराजवळचा एक आणि फ्लोरिडा किंवा जॉर्जियाकडचा एक असं वाटून घ्यावं.

तासांचा हिशोब

रिक्रूटिंगच्या बोर्डावर एका वेळी ३५ मुलं ठेवता येतात आणि दर आठवड्याला ठरावीक तास मिळतात. एका मुलावर आठवड्याला ५० तास ही मूळ मर्यादा. शिष्यवृत्ती देऊ करायला ५ तास, एकदा पारखायला १०, थेट संदेशाला १०, घरच्यांशी आणि मित्रांशी बोलायला २५, सगळा जोर लावायला म्हणजे ‘सेंड द हाउस’ला पूर्ण ५०. पुढच्या टप्प्यात सॉफ्ट सेल २०, स्वे ३०, हार्ड सेल ४०. मुलाला विद्यापीठ दाखवायला भेटीला बोलावण्यालाही तास लागतात.

समजा तुमच्याकडे ५०० तास आहेत. ते ३५ जणांत सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १४ येतात, आणि त्यात कुणीच तुमचा होत नाही. सात मुलं पक्की धरा, त्यांना ५०-५० द्या, बाकीच्यांना फक्त शिष्यवृत्ती देऊन बोर्डावर ठेवा. वरचा एखादा हातचा गेला की खालचा उचलायचा. हार्ड सेल आणि थेट संदेश मिळून बरोब्बर ५० होतात. सॉफ्ट सेल आणि स्वे मिळूनही ५०. यातलं काय लावायचं ते मुलाला काय हवंय यावर ठरतं. प्रत्येक सेलमध्ये तीन गोष्टी एकत्र विकल्या जातात. त्या तिन्ही मुलाला हव्या असतील आणि तुमच्या विद्यापीठाची श्रेणी त्यांत चांगली असेल, तरच हार्ड सेल. एक जरी लंगडी असली तर ४० तास पाण्यात. स्वे कशासाठी, तर मुलाच्या मनातली आवडच आपल्याकडे जे आहे त्याकडे वळवायला.

पारखल्यावर हिरवा मणी दिसला तर मुलगा दिसतो त्याहून चांगला. लाल खूण आली तर त्याच्या नावापुढच्या दर्जाच्या ताऱ्यांवर भुलू नका. भेटीला बोलावताना क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) आणि वाइड रिसीव्हर (तो झेलणारा) एकाच आठवड्यात बोलवा, दोघांचाही ओढा वाढतो. दोन क्वार्टरबॅक एकाच शनिवारी आणले तर दोघंही नाराज होतात.

आता मूळ विषयाकडे. विद्यापीठाच्या ज्या १४ श्रेणी मुलं बघतात त्यांत दोन थेट प्रशिक्षकाच्या आहेत: कोचची प्रतिष्ठा आणि कोचची स्थिरता. करारातली उद्दिष्टं हुकली आणि खुर्ची डळमळली की स्थिरतेची श्रेणी घसरते, आणि ज्या मुलांना तीच महत्त्वाची वाटते ती हळूच दुसऱ्याकडे सरकतात. प्रत्यक्षातही असंच होतं. चाहत्यांनी महिनाभर ‘काढा, काढा’ केलं की प्रतिस्पर्धी प्रशिक्षक तेच कात्रण मुलाच्या आईवडिलांपुढे ठेवतात. हा धागा गेमने फार अचूक पकडलाय. शिवाय प्रत्येक मुलाचा एक ‘डीलब्रेकर’ असतो; ती श्रेणी खाली गेली की तो हातचा जातो. ‘२६’मध्ये खेळाडू चमकला की त्याची त्याबाबतची अपेक्षाही वाढते. म्हणजे आजचा समाधानी राखीव खेळाडू पुढच्या वर्षी ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे संघ बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, दिसू शकतो.

मैदानावरही कोचचा हात दिसतो. परक्या मैदानावर तिसरा डाऊन (दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला तिसरा), आठ यार्ड हवेत, गोंगाट टिपेला. पडदा थरथरायला लागतो. आयत्या वेळी प्ले बदलला तर नवख्या रिसीव्हरची मार्गरेषा सरळ न दिसता वळवळते, म्हणजे नेमकं कुठे धावायचं ते त्याला ऐकूच गेलेलं नाही. धीर वाढवणाऱ्या मोटिव्हेटरचे गुण इथे वसूल होतात. गेममध्ये प्रशिक्षकाची नेमणूक इतक्या जवळून आणखी कुठेच जाणवत नाही.

चौथी खुर्चीच नाही

आता जिथे हा गेम उणा पडतो ते. संघात प्रशिक्षक तीनच: हेड कोच, ओसी, डीसी. पोझिशन कोच (एकेका जागेच्या खेळाडूंना शिकवणारे) नाहीत, स्पेशल टीम्सचं (किक मारायच्या वेळच्या चमूचं) कुणी नाही. प्रत्यक्षात २०१८ पासून हेड कोचखाली मैदानावर शिकवणारे दहा सहायक चालत होते, आधी नऊ. जून २०२४ मध्ये कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएएने सराव आणि सामन्यात शिकवणाऱ्यांच्या संख्येची मर्यादाच काढून टाकली. फक्त गावोगाव रिक्रूटिंगला जाणाऱ्यांची संख्या बांधलेली राहिली. गेममध्ये यातलं काहीच उमटत नाही.

हे का खटकतं ते समजायला एलएसयूचं (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचं) २०१९ पुरेसं आहे. हेड कोच एड ऑर्जरॉनने एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून जो ब्रेडी नावाचा तरुण आणला. पद होतं पासिंग गेम कोऑर्डिनेटर. ओसी म्हणून स्टीव्ह एन्समिंगर होताच. त्या हंगामात क्वार्टरबॅक जो बरोने ६० टचडाउन पास दिले, संघ १५-० गेला, म्हणजे एकही सामना हरला नाही, आणि देशातल्या सर्वोत्तम सहायकाचा ब्रॉयल्स पुरस्कार ब्रेडीला मिळाला. लगेच तो कॅरोलायना पँथर्सकडे गेला, डीसी डेव्ह अरांडा बेलरचा हेड कोच झाला, आणि बरोसह बरेच खेळाडू एनएफएलमध्ये. पुढचं वर्ष ५-५. नवा डीसी बो पेलिनी एका हंगामातच बाहेर. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्जरॉनचंही जाणं ठरलं. हेड कोच तोच होता, त्याच्या आजूबाजूची माणसं बदलली होती. या गेममध्ये जो ब्रेडीला बसवायला खुर्चीच नाही, कारण त्याचं पद इथे अस्तित्वात नाही.

इंडियानाचं उदाहरण उलट बाजूचं. २०२३ मध्ये ३-९. नोव्हेंबरअखेर जेम्स मॅडिसनहून कर्ट सिग्नेटी आला, आणि येताना ओसी माइक शॅनहन, डीसी ब्रायंट हेन्स यांना घेऊन आला. २०२४ मध्ये ११ विजय आणि पहिल्यांदाच प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्या. २०२५ च्या हंगामात एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेतेपद. एकमेकांची भाषा आधीच येणारी माणसं एकत्र आली की पहिलं वर्ष ओळख करून घेण्यात वाया जात नाही. हेड कोचच्या नावावर वाद घालणाऱ्यांनी आधी हाच प्रश्न विचारावा: याच्यासोबत कोण येणार, आणि ते किती वर्षं एकत्र आहेत? गेममध्ये हा एकत्रपणा मोजणारं काहीच नाही. दहा वर्षं सोबत असलेला ओसी आणि काल यादीतून उचललेला ओसी, पातळी सारखी असली तर दोघं सारखेच.

सगळ्यात जास्त उणीव जाणवते ती ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे उभं राहून प्रतिस्पर्ध्याला अडवणाऱ्या पाच जणांच्या, कोचची. इनसाइड झोन पद्धतीत पाचही लाइनमन एकाच बाजूला पाऊल टाकतात आणि समोर येईल त्याला अडवतात. गॅप पद्धतीत त्यांतला ठरलेला एक गार्ड मागून फिरून दुसऱ्या बाजूला धावतो आणि तिथली फट उघडतो. दोन्हींचं पहिलं पाऊल वेगळं, वजन टाकायची तऱ्हा वेगळी. ओसी झोनवाला आणि लाइन कोच गॅपवाला नेमला, तर वसंतातला सराव एकमेकांना समजावण्यात जातो आणि सप्टेंबरमध्ये क्वार्टरबॅक आडवा पडतो. चाहते क्वार्टरबॅकला बोल लावतात, नंतर ओसीला. मूळ कारण नेमणुकीत असतं. हे बघायची कुठलीच खिडकी गेममध्ये नाही.

दुसरी मोठी सवलत प्लेबुकची, म्हणजे संघाच्या चालींच्या वहीची. तुमचं प्लेबुक तुम्ही निवडता, म्हणून ओसी सोडून गेला तरी त्याचं डोकं तुमच्याकडेच राहतं. प्रत्यक्षात ओसी गेला की शब्दावली बदलते, खुणा बदलतात, क्वार्टरबॅकला पुन्हा पहिलीच्या वर्गात बसावं लागतं. गेममध्ये सोमवारी नवा माणूस आला आणि शनिवारी तेच प्ले चालू. त्यामुळे कोऑर्डिनेटर टिकवायची निकड वाटत नाही, आणि स्टाफवरचा अर्धा वाद इथेच हवेत विरतो.

पैसा आणि वेळ

बायआउट, म्हणजे करार मोडताना द्यायची भरपाई, नाही, सहायकांच्या पगाराचा हिशोब नाही. त्यामुळे कॅरोसेलमध्ये विद्यापीठाला ‘काढायला परवडतंय का’ हा प्रश्नच पडत नाही, आणि खऱ्या वादातला निम्मा भाग त्याच प्रश्नाचा असतो. शिवाय गेममध्ये बदल्या हंगाम सरल्यावर होतात. प्रत्यक्षात २०२५ मध्ये पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिनला आणि एलएसयूने ब्रायन केलीला ऑक्टोबरमध्येच काढलं. कारण वेळापत्रक तसं आहे: शाळेतल्या मुलांचं लवकरचं करारपत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतं, तोवर नवा माणूस हवा. आणि हेड कोच गेला की त्या संघातल्या खेळाडूंना बदलीची वेगळी मुदत मिळते, म्हणजे उशीर झाला की दोन्हीकडून गळती. ही घाई, हा दबाव डायनेस्टीत येत नाही.

चाहत्यांचा आवाजही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ए अँड एम केंटकीच्या मार्क स्टूप्सला घेणार अशा बातम्या आल्या, चाहते रात्रीत खवळले, स्टूप्स केंटकीतच राहिला आणि ड्यूकहून माइक एल्को आला. एल्को आधी चार हंगाम ए अँड एममध्येच डीसी होता, म्हणून लोकांना तो परका नव्हता. डायनेस्टीत असा गदारोळ घडूच शकत नाही.

करारातल्या उद्दिष्टांचा भाग मात्र मनापासून आवडला. अमुक सामने जिंका, प्रतिस्पर्ध्याला हरवा, एवढ्या दर्जाची मुलं आणा असं आकड्यांत लिहिलेलं असतं. कुणाला हे पोरकट वाटेल त्याने आयोवा आठवावं. २०२३ च्या सुरुवातीला ओसी ब्रायन फेरेंट्झच्या करारात अटच घातली होती: सरासरी २५ गुण आणि किमान सात विजय. हेड कोच त्याचे वडील, कर्क फेरेंट्झ. चाहते दर शनिवारी १३ सामन्यांच्या ३२५ गुणांचा हिशोब मांडत होते, आणि ऑक्टोबरअखेर विद्यापीठाने ब्रायन पुढच्या वर्षी नसेल हे सांगून टाकलं. गेम कोऑर्डिनेटरच्या खुर्चीतून सुरू करा, म्हणजे हा ताण नीट कळतो: तुम्ही ३५ गुण करता, तुमच्या डीसीचा बचाव समोरच्यांना ३८ देतो, आणि उद्दिष्ट दोघांचंही हुकतं.

घरचे नियम

ऑनलाइन डायनेस्टीत ३२ जणांपर्यंत खेळता येतं. चार-सहा मित्रांचा गट असेल तर हे नियम आधी लिहून ठेवा, गेमची बरीच उणीव भरून निघते.

ओसी किंवा डीसी बदलला की त्या बाजूचं प्लेबुक बदलायचंच, आणि नवा माणूस ज्या संघातून आला त्याचंच घ्यायचं. हंगामभर ते बदलायचं नाही. स्वतः धावणारा क्वार्टरबॅक भरून ठेवला असेल आणि नवा माणूस पासिंगवाला निघाला, तर पहिल्याच सरावात घाम फुटतो. मग कोऑर्डिनेटर निवडताना लोक पातळी सोडून पद्धत बघायला लागतात, हेच आपल्याला हवं आहे.

करार संपायच्या आत स्वतःहून नोकरी बदलली तर पुढच्या हंगामात बोर्डावर ३५ ऐवजी २५ मुलं. हा बायआउटचा पर्याय. गेम हे अडवत नाही, त्यामुळे प्रत्येकाने प्रामाणिकपणे पाळायचं. तसंही नोकरी बदलली की जुन्या बोर्डावरची मेहनत मागेच राहते, ते लक्षात ठेवूनच उडी मारा.

अवघडपणाची पातळी ऑल-अमेरिकनवर ठेवा. व्हार्सिटीवर तुमचा अंगठाच सामने जिंकतो आणि कोचचे गुण कुठे लागले ते दिसत नाही. हाइझमनवर संगणकाचा संघ इतका चढतो की चांगली नेमणूक आणि वाईट नेमणूक दोन्ही सारखीच झाकली जाते. आणि हंगाम संपल्यावर संघ ८५ खेळाडूंवर आणायच्या टप्प्यात घाईने पुढे जाऊ नका. तुम्ही स्वतः निवडलं नाही तर गेम त्याच्या मनाने मुलं कमी करतो, आणि दोन वर्षं जपलेला राखीव टॅकल (लाइनमन) त्यात जाऊ शकतो.

‘२५’ घरात असेल आणि खऱ्या प्रशिक्षकांच्या नावांशी देणंघेणं नसेल, तर ‘२६’ची घाई करू नका, रिक्रूटिंगचा गाभा तोच आहे. कॅरोसेलसाठीच खेळणार असाल तर ‘२६’च घ्या, आणि साधी आवृत्ती घ्या. डीलक्समधला मुख्य फायदा तीन दिवस आधी खेळायला मिळण्याचा होता, ते दिवस केव्हाच गेले.